पासवर्ड एकाच माणसाकडे होता

वर्दी उतरवून आता बरीच वर्षं झाली. खुनाची, दरोड्याची प्रकरणं आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे मलाच थांबून आठवावं लागतं. एका दुपारचा वास मात्र अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

तो अमोनियाचा वास होता. दोन हजार सालानंतरचं दशक, भारनियमनाचे दिवस. मी तेव्हा कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. माझ्या हद्दीत उचगावच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता. दूधवाले, मासळीवाले, लग्नाचे आचारी, सगळ्यांकडे बर्फाच्या लाद्या तिथूनच जायच्या. नाव सांगत नाही, या हकिकतीत कुणाचंच सांगणार नाही. कारखाना आता उरलेला नाही, पण त्यातली माणसं अजून आहेत.

जेवणाची वेळ होती. ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि तिथूनच मला हाक मारली.

"साहेब, बर्फाच्या फॅक्टरीत गॅस सुटलाय. माणूस आत हाय म्हनत्यात."

आम्ही पोहोचलो तेव्हा कामगार गेटबाहेर रस्त्यावर बसले होते. तोंडावर ओले टॉवेल होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गेटपासूनच घसा आवळल्यासारखा होत होता. आत अडकलेल्या माणसाला आमच्या आधीच बाहेर काढलं होतं. कॉम्प्रेसरवरचा तो मदतनीस, तिशीतला, शिवाजी पेठेतला. पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा एके काळचा गोलकीपर, त्यामुळे गर्दीतले निम्मे लोक त्याला नावानं ओळखत होते. सरकारी दवाखान्यात नेण्याआधीच तो गेला होता. त्याला ओढून काढणारा दुसरा माणूस तिथंच भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि कुणीतरी त्यावर पाण्याचा मग रिकामा करत होतं. तो कारखान्यातला मशीन ऑपरेटर, मयताचा जिवलग मित्र.

गॅस जरा ओसरल्यावर पंचनामा केला. अमोनिया जिथं साठवतात ती खोली बंद दाराची होती. आतल्या एका व्हॉल्व्हचं पॅकिंग फाटलं होतं आणि गॅस खोलीत कोंडत गेला होता. असं होणार हे गृहीत धरून आत एक सेन्सर बसवलेला होता. हवेत गॅस वाढला की बाहेर घंटा वाजायची, पंखा सुरू व्हायचा आणि दार उघडू नका हे सगळ्यांना कळायचं. त्या दिवशी घंटा वाजली नाही. मदतनीस आत ठेवलेला पान्हा आणायला म्हणून गेला, त्याने दार ओढलं आणि कोंडलेला सगळा गॅस त्याच्या तोंडावर येऊन तो आत कोसळला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षक आले. त्यांनी घंटेचं बटण दाबून पाहिलं, घंटा खणखणीत वाजली. मग त्यांनी कॉम्प्युटर पाहिला. सेन्सर एका कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि किती गॅस झाला की घंटा वाजवायची ती मर्यादा त्यात भरलेली असायची. ती कुणीतरी इतकी वर नेऊन ठेवली होती की माणूस मेल्यावरसुद्धा घंटा वाजली नसती.

आता हा अपघात राहिला नव्हता. मी मालकाला विचारलं, "ही मर्यादा कोण बदलू शकतं?"

मालक म्हणाले, "एकच माणूस. आमचा मेंटेनन्स इंजिनिअर. ऑपरेटर लोकांना नुसतं बघता येतं. बदलायचं तर मुख्य अधिकार लागतात आणि तो पासवर्ड त्याच्याकडेच आहे."

कॉम्प्युटरमध्येही तेच लिहिलेलं सापडलं. मर्यादा बदलल्याची नोंद होती आणि पुढे 'मुख्य अधिकारी' एवढाच शेरा. मालकाची फिर्याद त्याच संध्याकाळी टाईप होऊन आली. वारंवार काम थांबू नये म्हणून इंजिनिअरने जाणूनबुजून घंटा निकामी केली, असं तिच्यात म्हटलं होतं.

इंजिनिअर गारगोटीकडचा. वडील निवृत्त शिक्षक, घराणं बौद्ध, त्यांच्या वाडीतला तो पहिला इंजिनिअर. मालकांच्या बोलण्यात एकदोनदा "असल्या लोकांना मोठ्या जागेवर घेतलं की" असं काहीतरी आलं. मी वर पाहिलं तेव्हा ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. तपासात अशी अर्धवट वाक्यं लक्षात ठेवावी लागतात. फिर्यादी कुणाकडे बोट दाखवतो, यासोबत ते बोट इतक्या घाईने का उचललं गेलं तेही पाहावं लागतं.

मी इंजिनिअरला चौकशीला बोलावलं. शर्ट खोचलेला, केस नीट विंचरलेले, पण हात टेबलाखाली घट्ट धरलेले.

"पासवर्ड कुणाला दिला होता?"

"कुणालाच नाही."

"कागदावर वगैरे लिहून ठेवला होता?"

"नाही साहेब."

"कुणी टाईप करताना पाहिला असेल?"

तो विचार करून म्हणाला, "नाही. मी खोलीत कुणी नसताना टाकायचो. दर महिन्याला बदलायचो."

"मग मर्यादा कुणी बदलली?"

"मला माहीत नाही. पण मी बदललेली नाही."

चौकशीच्या खोलीत मी शेकडो माणसं पाहिली. खोटं बोलणारा माणूस स्वतःसाठी एक तरी वाट मोकळी ठेवतो. 'कुणीतरी पाहिला असेल साहेब', 'एकदा चिठ्ठीवर लिहिला होता' असं काहीतरी. मी त्याला तीन वाटा दाखवल्या, तिन्ही त्याने स्वतःच्या हाताने बंद केल्या. मी त्याला विचारलं, घंटेचा त्रास होता का? तो म्हणाला, होता. खोलीत दमट हवा साचली की सेन्सर उगाच ओरडायचा, दिवसातून कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी मशीन बंद करून सगळ्यांना बाहेर काढावं लागायचं. कामगार मर्यादा वाढवायला सांगायचे, त्याने नकार दिला. मालकांकडे नवा सेन्सर मागितला, त्यांनी पुढच्या सीझनला बघू म्हटलं. कामगारांचे जबाब घेतले तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं, तेही रागाने. "लई कडक मानूस, साहेब. हात जोडलं तरी ऐकला न्हाय."

इतके दिवस सगळ्यांसमोर नाही म्हणणारा माणूस एक दिवस गुपचूप तेच का करेल, याचं उत्तर मला मिळत नव्हतं.

बाहेर परिस्थिती तापत होती. अंत्यविधीनंतर पेठेतल्या तालमीची माणसं ठाण्यासमोर जमली. शंभरेक तरी असतील. त्यांच्यातले एक वयस्क वस्ताद आत आले. माझ्याशी बोलताना आवाज उंच होता, पण डोळे ओले होते.

"साहेब, पोरगं आमच्या मांडीवर वाढलंय. त्या इंजिनिअरला बेड्या कवा घालताय तेवढं सांगा. न्हायतर बाहेरची पोरं माझं ऐकायची न्हाईत."

"वस्ताद, ज्यानं केलं त्याला बेड्या पडतील."

"त्यानंच केलंय की! पासवर्ड त्येच्याकडंच हाय म्हनं!"

वरिष्ठांचाही फोन आला. सदोष मनुष्यवधाचं कलम लावा, अटक दाखवा, जमाव शांत होईल. कलम जामीन न मिळणारं होतं. एकदा अटक झाली असती तर पुढे तो निर्दोष सुटला तरी त्या माणसाचं आयुष्य पूर्वीसारखं झालं नसतं. मी थोडी मुदत मागितली आणि तोवर इंजिनिअरला अटक न करता रोज दिवसभर ठाण्यात हजर राहायला सांगितलं. वरिष्ठांनी ती दिली, पण आवाजातली नाराजी लपवली नाही.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर इंजिनिअरचे वडील बसून असत. गारगोटीहून सकाळच्या एस.टी.ने येत, संध्याकाळच्या गाडीने परत जात. पांढरा सदरा, पायजमा, हातात कापडी पिशवी. पहिल्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा ते उभे राहिले.

"जयभीम साहेब. मी त्याचा बाप."

"नमस्कार गुरुजी. बसा. चहा घेतला का?"

"चहा नको. एकच विचारायचं होतं. तो काही लपवतोय असं तुम्हाला वाटतं का?"

बापाने पोलिसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. बहुतेक बाप येतात ते मुलाची बाजू घेऊन. मी म्हणालो, "अजून तसं वाटलेलं नाही."

ते पुन्हा बाकावर बसले. पुढचे दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही. मी जाता-येता दिसलो की उठून उभे राहत, एवढंच.

मग तो फोन आला. सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने फोन उचलला, पलीकडून एका पुरुषाचा बसलेला आवाज आला.

"इंजिनिअर साहेबास्नी सोडा. घंटा त्येंनी बंद केल्याली न्हाय."

"कोण बोलतंय? मग कुणी केली?"

"तसलं पासवर्डबिसवर्ड लागत न्हाय त्येला. कॉम्प्युटर तपासा म्हनावं." फोन ठेवला गेला. नंबर काढला तर राजारामपुरीतल्या एका पीसीओचा निघाला. चालवणाऱ्याला काही आठवत नव्हतं.

निनावी फोन म्हणजे निम्म्या वेळा दिशाभूल. पण या फोनवाल्याने कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कुणावर सूड उगवायचा असता तर त्याने पहिलं नाव घेतलं असतं. याला फक्त एका माणसाला वाचवायचं होतं. आणि 'पासवर्ड लागत नाही' हे वाक्य मला टोचत राहिलं, कारण आमचा सगळा तपास पासवर्डच्या खुंटीला टांगलेला होता.

कॉम्प्युटर मुद्देमाल म्हणून सीलबंद करून आणलेला होता. आमच्या ठाण्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अर्ज टाईप करायचं यंत्र. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक विभागातल्या प्राध्यापक बाईंना पत्र दिलं. बाई पस्तिशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पंचांसमोर सील काढलं, त्यांनी आधी डिस्कची नक्कल केली आणि नकलेवर काम सुरू केलं. दोन पंच जांभया देत बसले होते. बाई मात्र दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही.

मग त्यांनी मला बोलावलं. "साहेब, मर्यादा बदलली गेली ती ऑपरेटरच्या खात्यातून. त्या नोंदीत नुसता अधिकार लिहिला जातो, खातं नाही."

"ऑपरेटरला तो अधिकारच नव्हता."

"आधी नव्हता. मर्यादा बदलायच्या त्याच सकाळी त्याला तो मिळाला. आणि गंमत म्हणजे," बाईंना गंमत हा शब्द खटकला, त्या थांबल्या, "म्हणजे विचित्र असं, की तो इंजिनिअरने दिलेला नाही. त्या वेळी इंजिनिअरच्या खात्यातून कुणी आतच आलेलं नव्हतं. वीज गेली होती, वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरू होता होता त्याने स्वतःच ऑपरेटरच्या खात्याला मुख्य अधिकार दिले."

"यंत्र आपण होऊन असं कसं करेल?"

"त्याला तसं करायला लावलं. हे सेन्सरचं सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून माणूस आला होता. ते बसवणारा जो प्रोग्रॅम असतो ना, त्याने सोबत एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम ठेवून दिला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली का हे बघायला. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आपोआप चालतो आणि पूर्ण अधिकारानिशी चालतो. इथपर्यंत ठीक. पण तो ज्या फोल्डरमध्ये ठेवला, तो फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळा सोडला. साध्या ऑपरेटरलासुद्धा."

माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "असं बघा. कलेक्टर साहेबांची गाडी बंगल्याच्या गेटवर कुणी तपासत नाही. बरोबर? पण ती गाडी गेटबाहेर रस्त्यावर दार उघडं ठेवून उभी केली तर? कुणीही मागच्या सीटखाली दडून बसेल. सकाळी गाडी आत जाईल, शिपाई सलाम ठोकेल आणि तो माणूस किल्लीशिवाय बंगल्यात पोहोचेल."

आता मला समजलं. कुणीतरी त्या मदतनीस प्रोग्रॅमच्या जागी त्याच नावाचा आपला प्रोग्रॅम ठेवला होता. वीज जाऊन आली, कॉम्प्युटरने तो ओळखीचा समजून पूर्ण अधिकाराने चालवला, आणि त्याने ऑपरेटरच्या खात्याला मोठं करून टाकलं. काम झाल्यावर मूळ प्रोग्रॅम परत जागेवर ठेवला होता. पुसलेला प्रोग्रॅम मात्र बाईंनी डिस्कवरून उकरून काढला. इंजिनिअरचा पासवर्ड कुणी चोरला नव्हता, कुणी फोडलाही नव्हता.

ऑपरेटर तीन होते आणि तिघांचं खातं एकच. मी तिघांना एकेक करून बोलावलं, सकाळच्या वेळी, साध्या कपड्यांत, दार उघडं ठेवून. पहिला आल्या आल्या आरडाओरडा करू लागला, मला का बोलावलं, युनियनला सांगतो. त्या बिचाऱ्याला कॉम्प्युटरवर गाण्यांशिवाय काही येत नव्हतं. दुसरा भीतीने घामाघूम, प्रत्येक उत्तराआधी देवाची शपथ घेत होता. निर्दोष माणसं बहुतेक वेळा अशीच असतात. त्यांना आपली पडलेली असते आणि पडावीच.

तिसरा तो मित्र. डोळ्यांवरची सूज उतरली होती, पण पापण्या अजून लाल होत्या. खुर्चीत बसल्यावर त्याने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. तो म्हणाला, "इंजिनिअर साहेबास्नी सोडलं का?"

त्याचा आवाज बसलेला होता. गॅसने घसा धरला होता, अजून सुटला नव्हता. ठाणे अंमलदार दारात उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजरेनेच त्याला थांबवलं.

"त्यांना सोडावं असं तुला का वाटतं?"

"त्येंनी केल्यालं न्हाय, म्हणून."

"हे तुला कसं ठाऊक?"

मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. चौकशीत धमकावून जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट गप्प बसून मिळतं, फक्त अधिकाऱ्याला ते गप्प बसणं सोसायला हवं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला. शेवटी तो बोलला.

"मीच केलं, साहेब."

"सांग."

"घंटीनं डोकं उठवलं होतं. खोटीच वाजायची. वाजली की मशिन बंद, समदी बाहेर. मालक म्हणायचे काम झालं न्हाय, पगार कापणार. इंजिनिअर साहेब ऐकंनात. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, म्हणून समदी माझ्या मागं लागली. तू कर की कायतरी." तो थांबला. "लई मागं लागला तो आमचा गोलकीपरच. माझं डोकं फुटंल एक दिवस ह्या घंटीनं, म्हणायचा."

"आणि पासवर्ड?"

"कॅफेत बसून त्या सॉफ्टवेअरचं नाव टाकून शोधलं. एका परदेशी पोरानं लिवलं होतं, असं असं केलं की मोकळं होतंय म्हणून. तसंच केलं. सोपं होतं, साहेब. मलाच नवल वाटलं." त्याने तळहाताने डोळे दाबले. "मी घंटा बंद केल्याली न्हाय. जरा वर सरकवली. नवीन सेन्सर आला की परत खाली आणणार होतो. आईशप्पथ आणणार होतो."

"इंजिनिअरला कळलं नाही?"

"ते रोज बटण दाबून बघायचे की. बटणानं घंटी वाजायचीच. खोटी वाजायची थांबली ती हवा कोरडी झाली म्हणून, असंच वाटलं असंल त्येस्नी."

मी विचारलं, "मग फोनवर सगळं का नाही सांगितलंस?"

"गोलकीपरच्या घरी रोज जातोय मी, साहेब. त्येच्या पोरीला शाळंत सोडतोय. कसं सांगू?"

त्याने पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर हाच जबाब दिला. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला, कॉम्प्युटरमध्ये अनधिकृत फेरफार केल्याचाही. सेन्सर बिघडलेला ठाऊक असून बदलला नाही म्हणून मालकही आरोपी झाले. त्यांच्याविरुद्ध सगळ्यात स्पष्ट साक्ष इंजिनिअरने दिली, तीही आवाज न चढवता. पुण्याच्या त्या कंपनीला मी पत्र पाठवून बोलावलं. त्यांचा प्रतिनिधी आला, टाय लावलेला. त्याचं म्हणणं, फोल्डर मोकळा ठेवला नाही तर नवी आवृत्ती बसवताना गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, म्हणून ठेवला. त्याच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. पुढच्या आवृत्तीत तो फोल्डर बंद केल्याचं त्यांनी कळवलं.

ज्या दिवशी कबुली झाली त्या दिवशी मी व्हरांड्यात गेलो. गुरुजी उठून उभे राहिले. मी म्हणालो, "गुरुजी, मुलाला घेऊन जा. त्याचा काही संबंध नाही." त्यांनी मान हलवली. पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, "मग हे संकट कुणाच्या घरात गेलं?" मी सांगितलं, ऑपरेटरच्या. ते म्हणाले, "त्याचेही आई-बाप असतील," आणि मुलाची वाट पाहत तिथंच बसले.

मयताच्या बायकोला ही बातमी वर्तमानपत्रातून कळू नये, असं मला वाटलं. महिला पोलीस शिपाई सोबत घेऊन मी शिवाजी पेठेत तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर नवऱ्याचा संघातला फोटो, त्याला ताजा हार. वस्तादही तिथंच होते. मी सगळं सांगितलं, सोपं करून, काही न लपवता. वस्ताद खाली मान घालून ऐकत होते. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो? तो सकाळीच येऊन गेलाय की. पोरीला घेऊन गेलाय."

"आज आम्ही त्याला ताब्यात घेतलंय, ताई. मुलगी शाळेत सुखरूप आहे. तुम्ही कुणालातरी आणायला पाठवा."

वस्ताद उठले. "मी जातो," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. त्यांचा तो चढा आवाज त्यानंतर मी कधी ऐकला नाही.

ती फोटोकडे पाहत म्हणाली, "ह्येंनीच गळ घातली असंल त्येला. रोज रातच्याला म्हणायचे, त्या घंटीनं जीव नकोसा केलाय. ती वाजायची बंद झाली त्या दिवशी जिलेबी घेऊन आलते घरला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ती खोटी वाजत होती तर दुरुस्त कुणी करायची होती?"

मी म्हणालो, मालकांनी. ती म्हणाली, "मग एवढी समदी माणसं एकमेकांच्या मागं का लागली?"

कोर्टात तिची साक्ष झाली. वकिलाने विचारलं, आरोपीविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का. ती म्हणाली, "त्येनं चूक केली. पन समदी पळाली तवा आत तोच गेला." न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. त्याला शिक्षा झाली, कमी मुदतीची, ती त्याने भोगली. मालकांनाही झाली, ते अपिलात गेले. इंजिनिअरने ती नोकरी सोडली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. 'हे फक्त अमुकच करू शकतो' असं कुणी ठामपणे सांगितलं की मी तिथं थांबून विचारायला लागलो, हे कुणी ठरवलं आणि ते कुणी तपासलं? दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आम्ही पोलीस गुन्ह्याच्या जागी गेलो की वैर शोधतो, लोभ शोधतो. त्या कारखान्यात वैर नव्हतं. थकलेली माणसं होती आणि त्यांना छळणारी एक वस्तू होती, जी दुरुस्त करायची जबाबदारी ज्याची होती त्याने ती टाळली. म्हणून पुढे कुठल्याही अपघाताच्या जागी मी लोकांना आधी विचारायचो, "गेल्या महिन्यात इथं तुम्हाला कशाचा वैताग आला होता?" लोक लगेच सांगतात. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

काही महिन्यांनी तोच प्रश्न मी माझ्या ठाण्यातल्या शिपायांना विचारला. पहाऱ्यावरचा एक जण म्हणाला, "साहेब, लॉकअपचं कुलूप अडकतंय. किल्ली फिरत न्हाय. म्हणून आमी ते नुसतं लटकावून ठेवतो." आत तेव्हा तीन आरोपी होते. मी त्याला रागावलो नाही. नवं कुलूप आणायला माणूस पाठवला आणि तो परत येईपर्यंत लॉकअपच्या दाराशी स्वतः उभा राहिलो.